पियानोखालचं घंगाळ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि माझं अक्षर आमच्या ह्यांनाही लागत नाही, ते स्वतः मुनीम असून. हे कुणाच्या हाती पडलंच तर चुका सांभाळून घ्याव्यात. अप्पांचं नाव निघालं की लोक एकच गोष्ट सांगतात आणि ती अर्धीच सांगतात. म्हणून लिहायला बसले.

ती गोष्ट अशी की, लातुरात माणसांना प्यायला पाणी नव्हतं त्या उन्हाळ्यात अप्पा पियानोला पाणी पाजत होते.

हे खरं आहे. पियानोच्या पोटाखाली पितळी घंगाळ असायचं, रुंद तोंडाचं, न्हाणीघरात असतं तसं. त्यात काठोकाठ पाणी आणि शेजारी खुंटीवर ओलं गोणपाट. गोणपाट वाळलं की अप्पा ते परत भिजवून टांगत. कुणी विचारलं तर सांगत, "लाकूड हवेतलं पाणी पितं. हवेत नसलं तर स्वतःचं पितं, आणि मग फुटतं."

आमच्या घरांच्या ओळीत गंगाबाई म्हणून होती. टँकरपाशी सगळ्यांच्या वतीनं बोलायचं काम तिच्याकडं होतं. ती म्हणायची, "बघा गं बया, गळ्यातल्या लिंगाला पळीभर अन् बाज्याला घागरभर! देव तरी कुठं म्हणून राहिला, मला तहान लागली?"

अप्पा शांतपणे सांगायचे, "गंगाबाई, ते माझ्या वाट्याचं आहे. मी आंघोळ करत नाही."

"ते कळतंय वासावरून," गंगाबाई म्हणायची.

अप्पा मूळचे उदगीरचे. वडिलांचा सिकंदराबादला चिंचेचा आणि गुळाचा व्यापार होता, म्हणून पोराला तिथल्या मिशनच्या शाळेत घातलं. तिथं एक मडम पियानो शिकवायची. अप्पा खिडकीपाशी उभे राहून ऐकत आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाकावर तेच बोटांनी वाजवत. मडमेनं बाकावरची बोटं पाहिली आणि त्यांना आत बोलावलं. पुढं तिनंच खटपट करून लंडनला धाडलं. तिथं अप्पा शिकले आणि मग मोठ्या हॉलमधून वाजवू लागले, इंग्लंडात, जर्मनीत, आणखी कुठं कुठं. काळा कोट घालायचा, आत गळ्यात लिंग. हजार माणूस बसलेलं असायचं म्हणे, आणि सगळं तिकीट काढून.

वडील गेले तेव्हा ते पंधरा दिवसांसाठी म्हणून आले. भावांच्या वाटण्या व्हायच्या होत्या. त्या रेंगाळल्या. पंधरा दिवसांचं वर्ष झालं आणि तिकडून निरोप आला की त्यांच्या जागी दुसऱ्याला घेतलं आहे. अप्पांनी ह्यांना सांगितलं होतं, "मुनीमजी, एसटीत रुमाल टाकून जागा धरता येते. तिकडं ती पद्धत नाही."

वाटणीत धाकट्या भावाला लातूरची डाळ मिल आली. अप्पांनी मिलमागचं एक गोदाम मागून घेतलं, आणि सिकंदराबादच्या घरातला पियानो. त्याच मिलवर आमचे हे मुनीम. आम्हाला राहायला दोन खोल्या दिल्या होत्या त्या अप्पांच्या गोदामाला लागून, एका भिंतीच्या.

पियानो आला तेव्हा मी नवी नवरी होते. दाराच्या फटीतून सगळं पाहिलं. ट्रकमधून उतरवायला आडतीतले हमाल बोलावले होते. हमाली क्विंटलवर ठरते. त्यांनी विचारलं, "माल किती क्विंटल हाय?" अप्पांना सांगता येईना. म्होरक्या म्हणाला, "विलायतेत शिकले अन् वजन म्हाईत न्हाई?" मग पियानो तसाच मार्केट यार्डात नेला आणि काट्यावर चढवला. तीन क्विंटलच्या वर भरला. आडत्यानं सवयीप्रमाणे बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा केलं. पावतीवर मालाचं नाव लिहायला जागा असते. तिथं बराच विचार करून त्यानं 'इतर कडधान्य' लिहिलं. अशा रीतीनं पियानो लातुरात आला.

अप्पांचं एक होतं, ते हातानं काही करत नसत. शेंगा फोडत नसत. दार लागलं तर कोपरानं ढकलत. कुणी हस्तांदोलनाला हात पुढं केला तर हे दोन पावलं मागं सरून नमस्कार करत. लोकांना वाटायचं माणूस लई संस्कारी आहे. बोटं जपायची होती त्यांना, एवढंच. बादलीच्या कडीनं बोटांना वळ पडतात म्हणून बादलीसुद्धा उचलायचे नाहीत. आता दुष्काळात टँकरवरून पाणी आणायचं कसं? तर त्यांनी बायकांकडून चुंबळ करायला शिकून घेतली आणि घागर डोक्यावर घेऊन चालू लागले. साठीचा माणूस, विजार-सदरा, डोक्यावर घागर आणि दोन्ही हात मोकळे सोडलेले. पोरीबाळी फिदीफिदी हसायच्या. पण एक सांगते, आमच्या ओळीत घागर कमीत कमी हिंदकळायची ती अप्पांची. गंगाबाईनंही हे मान्य केलं होतं. "चाल चांगली हाय," म्हणायची, "कुठंबी खपलं असतं."

कुठल्याही गोष्टीचं कारण विचारलं की अप्पा हवेवर ढकलत. मिलचा पट्टा तुटला, हवा कोरडी आहे. भावाभावात बोलाचाली झाली, हवा कोरडी आहे. एकदा ह्यांनी धीर करून विचारलं, अप्पा, लग्न का नाही केलं? तर म्हणाले, "हवा जमली नाही."

दर शनिवारी संध्याकाळी ते तो काळा कोट घालायचे. गोदामाच्या मागच्या दारानं बाहेर जायचे, वळसा घालून पुढच्या दारानं आत यायचे आणि कमरेत वाकून नमस्कार करायचे. गोदामाच्या निम्म्या भागात भावाची तुरीची पोती रचलेली असत. नमस्कार त्या पोत्यांना. मग तास-दोन तास वाजवायचे, उठायचे, परत पोत्यांना नमस्कार आणि मागच्या दारानं बाहेर. ह्यांनी हे पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, माणूस कामातून गेला. पण अप्पा सांगायचे की पोत्यांमुळं आवाज बरा येतो, मखमलीच्या पडद्यांसारखा. सुगीत पोती छतापर्यंत लागली की खूश असत. "मुनीमजी, आज हॉल भरलेला आहे." दुष्काळात तूर आलीच नाही. गोदाम रिकामं पडलं आणि आवाज घुमायला लागला. तरी नमस्कार चुकला नाही.

पियानोचे सूर लावायला नांदेडहून करीमचाचा यायचे. पिढ्यान् पिढ्या हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करणारं घर. नांदेडला गुरुद्वारा असल्यामुळं पेट्यांना तोटा नाही. माझं माहेर नांदेड, तेव्हा करीमचाचा आले की माझ्याकडचा चहा ठरलेला. मी आतून कप सरकवायची, ते उंबऱ्याबाहेर बसून प्यायचे. पियानोचं काम त्यांनी अप्पांच्याच हाताखाली शिकून घेतलं होतं. पण त्याच्याबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. "बेटी," म्हणायचे, "ये बाजा नहीं, भैंस है. एक टाइम पानी चुका, के दूध बंद."

आता दुष्काळाचं सांगते. लातूर जिल्हा झाला तेव्हा घरोघर पेढे वाटले. पूर्वी साध्या कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालायला लागायचे, ते थांबले. सगळ्यांना आनंद झाला. नंतर एका वर्षी पाऊस गेला आणि पेढ्यावर प्यायलासुद्धा पाणी राहिलं नाही. पण कचेऱ्या मात्र वाढत होत्या. अशाच एका नव्या कचेरीचं उद्घाटन अक्षयतृतीयेला ठरलं आणि मंत्री येणार म्हणून कार्यक्रम बसवायचा होता. एक साहेब अप्पांकडं आले. मी भिंतीला कान लावला नव्हता. आमची भिंत पातळ आहे.

साहेब म्हणाले, "नांदेडला असल्या वेळी ऑर्केस्ट्रा ठेवतेत. आता आपुनबी जिल्हा हाय. आपण विलायती बाजा ठेवू."

मी नांदेडची असल्यामुळं यावर काही बोलत नाही.

"किती वेळ वाजवायचं?" अप्पांनी विचारलं. आवाज निराळाच वाटला.

"मंत्री येईस्तोवर. अन् भाता कोण मारणार? नसंल कुणी तर आमचा शिपाई देतो. दणकट हाय."

"याला भाता नसतो."

"मग हवा कुठून येती?"

हवेवर अप्पांना बोलायला पुष्कळ होतं. पण एवढंच म्हणाले, "येतो."

साहेब गेल्यावर ते मिलमध्ये जाऊन ह्यांच्यापुढं उभे राहिले. "मुनीमजी, इथं आल्यापासून मला कुणी बोलावलं नव्हतं." एवढंच बोलले आणि परत गेले. मग कोट उन्हात टांगला. रोज दाढी करायला लागले, चहाच्या बशीभर पाण्यात. पहाटेपासून सराव. पण अक्षयतृतीया म्हणजे ऐन उन्हाळा. तोवर लाकडानं तग धरला पाहिजे, हीच काळजी. म्हणून त्यांनी एक पिंप आणलं आणि रोज स्वतःच्या वाट्यातलं थोडं थोडं पाणी त्यात साठवायला लागले. पिंपावर झाकण, झाकणावर दगड. आधी आंघोळ बंद होती, आता कपडे धुणंही बंद झालं. गंगाबाईला बोलायला काही उरलं नाही, कारण ती जवळच जायची नाही.

त्याच सुमाराला माझी थोरली, सुमन, पहिल्या बाळंतपणाला आली. तिला इस्लापूरला दिली आहे. तिथं जवळच सहस्रकुंडाचा धबधबा. उन्हाळ्यात बारीक होतो, पण विहिरींना पाणी असतं. तिची सासू म्हणाली होती, "विहीणबाई, यंदा इथंच होऊ द्या." पण हे ऐकायला तयार नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे, लोक काय म्हणतील. अशा रीतीनं पाणी असलेल्या गावातून आम्ही पोरीला पाणी नसलेल्या शहरात आणली.

मुलगी झाली. आणि त्याच दिवसापासून टँकर बंद. कुणी म्हणे डिझेल नाही, कुणी म्हणे ड्रायव्हर रुसला. बाळंतिणीचं अंग शेकायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, दुपटी धुवायची, आणि घरात तांब्याभर पाणी. मला काही सुचेना. पोरीसमोर रडता येईना.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तर परसातल्या न्हाणीतली बादली भरलेली. मला वाटलं ह्यांनी कुठून तरी आणलं. ह्यांना वाटलं मी गंगाबाईकडून आणलं. आम्ही एकमेकांना विचारलं नाही. त्या दिवसांत पाणी कुठून आलं हे नवरा-बायकोसुद्धा विचारत नसत. विचारलं की वाटेकरी होतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी बादली परत भरलेली. तिसऱ्या दिवशीही. बाळ न्हायलं, सुमन शेकली, आणि मी मनातल्या मनात ह्यांचं कौतुक करत होते. लग्नानंतर ती पहिलीच वेळ असेल.

मग एका दुपारी भिंतीपलीकडून मोठ्ठा आवाज झाला. वाळकं लाकूड कुऱ्हाडीखाली उभं चिरावं तसा, आणि मागून बराच वेळ नुसता गुंऽऽ. बाळ दचकून रडायला लागलं. मिलमधले लोक पट्टा तुटला म्हणून धावले. पट्टा ठीक होता. अप्पा दारात येऊन म्हणाले, "काही नाही. हवा कोरडी आहे," आणि दार लावून घेतलं.

कार्यक्रमाच्या आधी सूर लावायला करीमचाचा यायचे होते, ते दुसऱ्या दिवशी आले. चहा न घेता आधी गोदामात गेले. भिंतीतून मला सगळं ऐकू आलं. झाकण उघडल्याचा आवाज. मग चाचा म्हणाले, "अप्पा, भैंस बैठ गई. पेट की तख्ती इस सिरे से उस सिरे तक गई." घंगाळ सरकवल्याचा आवाज झाला. "ये सूखा कैसे? और वो पिंप? पिंप भर के पानी था ना, किधर गया?"

अप्पा म्हणाले, "शेजारी बाळंतीण आहे."

"अरे लेकिन चार दिन पे जलसा है!"

"बाळाला ते कळत नाही, करीम."

मी सुमनजवळ बसले होते. बाळाला तेल लावत होते. तसंच लावत राहिले.

संध्याकाळी ते साहेब आले. पियानोच्या पोटातल्या फळीला चीर गेल्याचं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाहेरून तर दिसंना. वरून चादर टाकू की."

"दिसत नाही, पण ऐकू येते. खरखरते."

"कुणाला ऐकू येती?"

"मला."

"तुम्ही वाजवणार, अप्पा. ऐकणार आम्ही. आम्हाला तर चांगला बाजा अन् फुटका बाजा सारखाच!"

साहेबांनी हे धीर द्यायला म्हटलं होतं. अप्पांनी हात जोडले आणि नाही म्हणून सांगितलं. साहेब चिडले. पत्रिका छापून झाली होती. पण उदगीरचा एक बँड मोकळा होता, अक्षयतृतीयेची लग्नं दुष्काळामुळं कमी होती. तो ठरला.

सणाच्या दिवशी सकाळी टँकर आला. मंत्री येणार म्हणून असेल. दुपारी मी पुरणपोळ्या केल्या, पुरण बेताचंच. संध्याकाळी सगळी ओळ उद्घाटनाला गेली, हेही गेले. लांबून बँड ऐकू येत होता. सुमन आणि बाळ झोपली होती. मी घागर उचलली आणि गोदामात गेले.

तोपर्यंत मी अप्पांशी समोरासमोर बोलले नव्हते. जे काही बोलणं झालं ते दाराआडून, आणि बहुतेक हो किंवा नाही. अप्पा कोट घालून बसले होते. शनिवार नव्हता. पियानोचं झाकण बंद. मी खाली बसून घंगाळात पाणी ओतलं. काय बोलायचं ते घोकून आले होते.

"अप्पा, उसनं पाणी आणलंय."

"उसनं कुणी दिलं होतं?"

"भिंतीतून ऐकू आलं."

अप्पा हसल्यासारखे झाले. "फुटलेल्याला पाणी घालून उपयोग नाही, अक्का. पण राहू द्या." मला ते अक्का म्हणत, मी लहान असून. मग म्हणाले, "भिंतीतून मलाही ऐकू येतं."

मला वाटलं, बाळाचं म्हणत असतील. "लई रडून राहिली का? तुम्हाला तरास होतो का?"

"बाळाचं नाही. सकाळी मी एक वाजवतो. त्यात एक जागा आहे. सगळं हळूहळू खाली उतरत येतं आणि मग एकच सूर राहतो. त्या जागेला तुमच्या भाकरीची थाप थांबते."

मी जमिनीकडं पाहत राहिले. मला वाटायचं हे कुणाला माहीत नाही. काय होतं ते मलाही सांगता येणार नाही. ती जागा आली की हात भाकरीवर तसाच राहतो. नवी नवरी होते तेव्हापासून. सुमनच्या वेळी पोटुशी होते तेव्हाही. सासू ओरडायची, तवा तापला, झोपली का काय गं.

"लंडनला त्या जागेला लोक खोकत," अप्पा म्हणाले. "हजार माणूस गप्प बसलेलं, पण कुणीतरी खोकायचंच. म्हणून मी ती जागा घाईनं वाजवायचो. इथं येऊन ती नीट वाजवायला शिकलो. भाकरी थांबली की कळतं, बरोबर झाली. नाही थांबली, तर परत वाजवतो. सणाला पोळी असते तेव्हा काही कळत नाही. लाटण्याचा आवाज येत नाही."

लांबून बँडचा आवाज वाढला. मंत्री आले असावेत.

मी रिकामी घागर उचलली. काहीतरी बोलायला हवं होतं. "फुटक्यावर ती जागा वाजते का?" एवढंच विचारलं.

"वाजते. जरा खरखरते."

"मग वाजवा," मी म्हणाले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली, पीठ मळलं, भाकरी थापायला घेतली. पलीकडं पियानो सुरू झाला. खरखर होती, गवतातून कुणी चालत यावं तशी. ती जागा जवळ यायला लागली तशी मला लाज वाटली. आता थांबले तर मुद्दाम थांबल्यासारखं होईल. म्हणून खाली मान घालून थापत राहिले.

पियानो थांबला. तो एक सूर यायचा राहिला होता.

मी हात थांबवला.

मग तो आला.